सरपंचबाईंनी लावलेलं दार

हसाल तुमी, पण आमच्या शेवगावकडच्या ग्रामपंचायतीत त्या दिवशी इंग्लंडची संसद उतरली हुती.

सुमनताई आमच्या सरपंच, पण मीटिंगला खुर्चीवर बसायचे त्यांचे मालक, आन्ना. मी मेंबर. त्या दिवशी आन्ना यायच्या आधी मी ताईंना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. इंग्लंडच्या राजाचा माणूस संसदेच्या मेंबरांना राजाच्या भाषणाला बोलवायला येतो, तर आतले त्याच्या तोंडावर दार लावतात. तो काठीनं तीनदा ठोठावतो, तवा कुठं दार उघडतं.

"राजाचा माणूस असून?" ताई बघतच राहिल्या.

"व्हय. कायद्यावर सही राजाची, पण कायदा करनार निवडून आलेले. त्यांच्या सभागृहात खुद्द राजाबी पाय ठेवत न्हाई."

बाहेर आन्नांची बुलेट थांबली, तशा ताई उठल्या, दाराला आतून कडी घातली आन् पहिल्यांदा त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

ग्रामसेवकाच्या हातातला पेन हवेतच राहिला. आन्नांनी बाहेरून दार ढकलून बघितलं. मग दार वाजलं, अगदी हळू, तीनदा.

आन् शपथेवर सांगते, आन्नांनी तो व्हिडिओ बघितलाच नव्हता.