ओलीला इंग्रजीत काय म्हणतात

परदेशातल्या बांधकामासाठी मुलाखती चालल्या होत्या. बाहेरच्या खुर्च्यांवर एक गवंडी आणि वही उघडून बसलेली त्याची मुलगी. शेजारचा रंगारी कान देऊन ऐकत होता. गवंड्यानंतर नंबर त्याचाच होता.

"बाबा, छत?"

"सीलिंग."

"ओल?"

"अगं, जिभेवर आहे बघ... ड्रेनेज?"

"नाही हो! डॅम्प. दहादा सांगितलं. आणि मागची भिंत कशाला ठोकताय?"

"पोकळ वाजतेय. वरून रंग झकास, आत प्लास्टर सुटलंय. ऐक."

"बाबा, पुरे! साहेब बाहेर येतील."

साहेब आलेच. "कोण ठोकतंय?"

गवंडी ताडकन उठला. "मी, सर. दिस वॉल, डॅम्प. प्लास्टर, लूज. इनसाइड, पाइप लीकेज. पेंट ओन्ली मेकअप, सर."

साहेबांनी स्वतः भिंतीवर बोटं वाजवून पाहिली, पुन्हा एकदा वाजवली. "या, आत या."

दार लागलं. मुलीने सुस्कारा सोडला. "काका, तुमचेही शब्द विचारू का?"

गेल्याच महिन्यात रंगाऱ्याने ती भिंत रंगवली होती. त्याने खुर्ची जरा पुढे ओढली.

"विचार की. ओल सोडून काहीही विचार."