लागू न पडलेली सुई

माझं माहेर वरवंडचं, दिलं वडगाव रासाईला, नदीकाठी, आन् कांदे लावायला माझा हात असा चपळ की बायका म्हणायच्या, इंदू असली की वाफा कवा पुरा झाला कळत न्हाई. त्या कौतुकानंच घात केला, काय सांगू ताई तुम्हाला, तुम्ही लिवून घेताय म्हणून बोलते.

माझी मनू जन्मली तवा लवकर रडली न्हाई, मेंदूला धक्का बसला म्हणं, पाय ताठ, चवड्यावर उभी ऱ्हायची, टाच म्हणून टेकायची न्हाई. सात वर्सांची झाली तवा पुण्याच्या डॉक्टरांनी पोटरीत सुया दिल्या आन् समजावलं, पाय ढिला पडंल, पर तीन-चार म्हैनंच, तेवढ्यात रोज ताणायचं, पट्ट्याचं बूट घालायचं, अर्धं काम सुईचं, अर्धं तुमचं.

आन् खरंच टाच टेकली वो, मी पायाचा मुका घेतला. पर तवाच कांद्याची लागण आली. आमच्यात सावड असती, आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. माझं रान बायांनी लावून दिलेलं, आता त्यांच्याकडं न्हाई गेले तर तोंड कसं दाखवू? मनूला लिंबाखाली बसवायची, बूट टोचतोय म्हणून रडली की काढायची, घरी आलं की कंबर मोडलेली, उद्या करू, उद्या करू, पाय मऊच हाय की. दौंडची व्यायामवाली बाई विचारायची, रोज करता ना? मी म्हणायची, व्हय मॅडम, दोन टाइम.

टाच पुन्हा उचलली. डॉक्टर म्हणाले, एवढा व्यायाम करूनबी असं असंल तर हिला सुई लागू पडत न्हाई, परत द्यायला नको. मनू तिथंच बसून ऐकत व्हती. खोटं उघडं पडंल म्हणून मी वरीसभर गप.

मंग एकदा मनू मैत्रिणीला सांगत व्हती, माझंच पाय खराब हायती, त्यांला औषध लागत न्हाई. दुसऱ्या दिशी दौंडहून गाडी धरली, डॉक्टरांम्होरं सगळं वकलं. ते रागावले न्हाईत, रागावले असते तर बरं वाटलं असतं. सुई परत दिली. आता रोज ताणते, लागणीला जात न्हाई, बाया बोलत्यात, बोलू द्या. टाच टेकती, पर त्या वर्सात पाय जेवढा आखडला तेवढा समदा काय सुटला न्हाई.

डॉक्टरांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं, मनूला न्हाई. पायच खराब व्हते, असंच तिला अजून वाटतंय. तुम्ही लिवा ताई, काही झाकू नका, देव तुमचं भलं करो. माझ्यानं तोंडानं सांगवत न्हाई, आन् ती आता चौथीत हाय, चांगलं वाचती.