खानारी कोन?

...नाई, मले सांगा, केस गेले तर गेले, पन गेले कुठी? उशीवर नाई, फणीत नाई, मोरीत नाई! अन् जिथून गेले तिथी चट्टा, काचेवानी गुळगुळीत, एक छिद्र नाई. जसं तिथी कधी काई उगवलंच नवतं. बोट फिरवलं का काटा येत होता, माह्याच डोक्श्यावर, माह्याच बोटानं!

तुमाले सांगते, गावाले कारन लागत नाई, बाई लागते. करनी करनारी म्हनून सुकरीचं नाव लागलं. शेजारीन माही, एकली, मोहफुलं वेचून जगते. भगत भैयाजी घोगऱ्या आवाजात म्हने, "नेनारीनं नेले... अवसेले तिले इचारू." इचारू! पलीकडच्या टोल्यावर, त्या वस्तीत, एकीले असंच काठ्याइनं इचारलं, ती आजवर बोलली नाई.

म्हनून मी गेली चंद्रपूरले. डाक्टरीन दिव्या, नातीएवढी. भिंगातून पाह्यलं अन् म्हने, "आजी, तुकडा काढून तपासावा लागेल." म्हटलं, "काढ नं, मधातला काढ, तिथी तसंही काई नाई." तर म्हने, "मधलं मेलंय आजी, ते काय सांगणार? काठावरचं अजून जिवंत आहे. कोण खातंय ते तेच सांगेल."

कोण खातंय! असं बोलतात का म्हाताऱ्या बाईसंग?

सुई टोचली, बधीर झालं. दुखलं नाई, पन ऐकू आलं... करकर, करकर, कवटीच्या आतून, जसं कोनी दार कुरतडून राह्यलं! मंग शिशीत तो तुकडा, तांदळाएवढा, अन् त्याच्यावर दोन केस उभे, पान्यात हलून राह्यलेले. हे दोन सापडले. बाकीचे गेले कुठी?

निकाल आला. "बाहेरचं कोणी नाही आजी. तुमच्याच रक्तातल्या पेशी केसांची मुळं खातायत. खाल्ली की तिथे वण भरतो. गेलेले येणार नाहीत, उरलेले औषधानं वाचवू."

घ्या! आतल्या आत गेले!

गावात आली, बसस्टँडवरून सरळ चावडीवर. पदर काढला, टाका दाखवला, गरजली, "सुकरीनं नाई नेले! डाक्टरीन सांगते, खानारी माह्या अंगातच हाय!"

भैयाजी मांगं सरकला. मले वाटलं, पटलं.

पटलंच की हो! सुकरीले कोनी इचारलं नाई. आता माह्या दारावरून मानूस जात नाई. अन् सुकरी? तीच लेकराइले मले दाखवून दटावते, "कांताबाईच्या सावलीत उभं नोका राहू रे!"

दटावू द्या. जिती हाय म्हनून तं दटावून राह्यली.