टेबल नेलं, वाक्य राहिलं

आणि टेबल नेलं हो त्यांनी! समोरचं, सूप अर्धं असताना! तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण तासाला डबा खाणाऱ्या पोराचाही डबा मी कधी उचलला नाही, आणि इथे तो काळ्या कोटातला हेडवेटर कमरेत वाकून मला म्हणतो, "आपण सावकाश जेवा सर, आम्ही फक्त टेबल नेतोय." फक्त! मग जेवू कशावर, मांडीवर? बरं, खुर्चीही नेली, म्हणजे मांडीचाही प्रश्न मिटला... आणि मी काय जेवायला गेलो होतो का? एकच वाक्य होतं हो माझं. बायकोला म्हणायचं होतं, 'मी चुकलो, तुला विचारायला हवं होतं.' बस.

चुकलो म्हणजे काय, तर तिचं शिलाई मशीन भंगारात दिलं. पायाचं, तिच्या आईचं, लेकीचे सगळे फ्रॉक त्याच्यावर शिवलेले. मला वाटलं, चार वर्षं कोणी हात लावत नाही, उगाच कोपरा अडलाय, तिथे ते चालायचं मशीन ठेवू, डॉक्टर चाला म्हणालेत. ठेवलं. त्याच्यावर आता टॉवेल वाळतात. आणि हिने जो अबोला धरला, आठ दिवस! मीठ संपलं तर फ्रिजला सांगते, मला नाही. दाराशी बॅग भरलेली, सोमवारी बहिणीकडे जाणार, परत कधी येणार ते फ्रिजलाही सांगितलेलं नाही, आणि तो होता शनिवार! मग माणूस हातपाय गाळणार नाही तर काय करणार?

जावयाला म्हटलं, एखादी शांत जागा सुचवा. म्हणाला, एकदम शांत आहे बाबा, टाचणी पडली तरी ऐकू येईल. हा गृहस्थ तिथे आयुष्यात एकदाच गेलेला, ऑफिसबरोबर, दुपारी एक वाजता! संध्याकाळी आठनंतर तिथे जेवणाचं काढून नाचाचं मांडतात, हे त्याच्या गावीही नाही.

आणि माझी तयारी बघा. 'चूक' हा शब्द मी जन्मभर दुसऱ्यांच्या वहीत लाल शाईने लिहिला, स्वतःच्या तोंडाने म्हणायची सवय कुठली? तीन दिवस न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. पण तिथे मी म्हणतोय, "अगं, मी..." की वेटर हजर, पाणी साधं की बुडबुड्यांचं? पुन्हा धीर केला, "अगं, मी चु..." तर "सगळं ठीक आहे ना सर?" अरे बाबा, ठीक असतं तर आलो असतो का इथे!

तेवढ्यात आठ वाजले. दिवे निळे झाले, छातीत धाडधाड सुरू झालं, मला वाटलं गेलो आपण... पण ते गाणं होतं. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, आणि आम्ही दोघं हातात सुपाची वाटी घेऊन मधोमध उभे, आजूबाजूला चाळीस-पन्नास माणसं उड्या मारतायत. मी ओरडलो, "मी चुकलो!" ती बघतेय नुसती. पुन्हा बेंबीच्या देठापासून, "चुकलो!" शेजारची एक मुलगी माझा खांदा थोपटून म्हणते, "असू दे काका." अगं, तुला नाही सांगत मी! एकच वाक्य होतं हो माझं, अख्ख्या हॉलने ऐकलं, हिने सोडून.

मग डोकंच चालेना. वाटी हेडवेटरच्या हातात दिली आणि हातवाऱ्यांनी सांगायला लागलो. पायाने शिलाई मशीनचा पायटा मारला, उजव्या हाताने चाक फिरवलं, डाव्याने कापड सरकवलं, आणि दोन्ही कान धरले. परत पायटा, चाक, कापड, कान. चार वेळा केलं आणि मागे बघतो तर काय... सगळा हॉल माझ्यामागे पायटा मारतोय! पन्नास माणसं, एका तालात, कान धरून! त्यांना वाटलं नवा नाच आहे.

ही बघत राहिली. मग जवळ आली, माझ्या कानाला तोंड लावलं, आणि आठ दिवसांनी पहिलं वाक्य बोलली, "चाक आपल्या बाजूला फिरवतात."

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं ती माझ्यासमोर शिवत होती हो, आणि चाक कुठल्या बाजूला फिरतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

घरी आलो. ही बॅगेशेजारी खुर्ची घेऊन बसली. म्हणाली, "नाच कळला मला. आता तोंडाने म्हणा." आणि घरात काय शांतता... टाचणी पडली तरी ऐकू यावी. आता ना गाणं, ना वेटर, टेबलही जागच्या जागी. आणि माझा आवाज फुटेना! तोंड उघडतोय, मिटतोय. ती वाट बघून उठली, बॅगेला हात घातला, आणि माझा पाय आपोआप हलायला लागला. पायटा, चाक, कापड, कान. चाक या वेळी आपल्या बाजूला फिरवलं.

तिने बॅग उचलली. आत नेऊन ठेवली. पंधरा दिवस झाले, मीठ संपलं की आता मला सांगते. मीही रोज रात्री भांडी आवरून झाली की स्वयंपाकघरात दहा मिनिटं पायटा मारतो, तशी अटच आहे तिची. डॉक्टर खूश आहेत.

वाक्य ना? ते आहे अजून माझ्याकडेच. कोरं आहे, कोणाला लागलं तर घेऊन जा.