वरच्या मजल्याच्या सळया

(अल्बानियाचा दक्षिण किनारा, जून महिना. जुन्या घराच्या अंगणात नव्या घराचा नकाशा पसरलाय. भोवती नूरी, त्याची बायको लुले आणि मुलगी दोरीना. नकाशा तिनंच काढलाय. ती राजधानीत, तिरानाला, वास्तुविशारद आहे.)

नूरी : बाकी सगळं झकास आहे पोरी, पण गच्चीवरच्या सळया कुठायत?

दोरीना : नाहीत, बाबा.

नूरी : विसरलीस होय?

दोरीना : विसरले नाही. दाखवल्याच नाहीत. घर एकमजली आहे, तिथंच संपतं.

नूरी : संपतं? या किनाऱ्यावर कुणाचं घर संपलंय आजवर? खांबांतल्या सळया हातभर वर सोडायच्या. मुलगा परत आला की मजला चढवायचा. असं बोडकं छप्पर बघून लोक म्हणतील, नूरीला मुलगा नाही.

लुले : लोकांना माहितीय मुलगा आहे ते. दर ऑगस्टला त्याची गाडी सगळी गल्ली अडवते.

दोरीना : बाबा, समुद्र ऐंशी पावलांवर आहे. खाऱ्या हवेत उघडी सळई गंजते, गंज फुगत फुगत खाली उतरतो आणि खांब फोडतो. पेत्रितकाकांची गॅलरी कशानं पडली?

नूरी : पेत्रितनं वाळू न धुता वापरली. चिक्कू माणूस.

लुले : पण नजर लागू नये म्हणून सळईला कापसाचं अस्वल मात्र टांगलं. बारा वर्षं लोंबकळतंय बिचारं, आतडी बाहेर आलीत.

नूरी : तू मध्ये तोंड घालू नकोस. तुला स्वयंपाकघरातून समुद्र दिसतोय ना? झालं तर मग.

लुले : समुद्र चाळीस वर्षं बघतेय, त्यात काय नवीन? मला गल्ली दिसली पाहिजे. कोण कुणाकडे गेलं, कळायला नको?

दोरीना : गल्लीकडे खिडकी दिलीय, आई. ओट्याच्या बरोबर वर.

लुले : मग माझी सही घे.

नूरी : माझी मिळणार नाही. बेस्निकच्या मजल्याची सोय झाल्याशिवाय मी पाया खणू देत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत पोरगं किती दिवस काढणार तिकडे जर्मनीत, त्या स्टुटगार्टात?

दोरीना : आई, आता सांग.

लुले : तू सांग.

दोरीना : तुला सांगितलंय त्यानं, मला नाही.

नूरी : काय सांगितलंय?

लुले : त्यानं तिकडे घर घेतलं, अहो. स्वतःचं. मार्चमध्ये.

नूरी : मार्चमध्ये? आता जून संपत आला.

लुले : तो सांगणारच होता. मीच म्हटलं थांब. तुम्ही तेव्हा रोज सकाळी टेकडीवर दगड निवडायला जायचात. इतके खुशीत होतात की माझी जीभच रेटेना.

नूरी : किती खोल्या आहेत?

लुले : चार. मागे बाग आहे म्हणे.

नूरी : अंजीर येतं तिकडे?

दोरीना : नाही, बाबा.

नूरी : मग कसली बाग.

लुले : कॉफी घ्या. निवतेय.

नूरी : नको. मग हे घर बांधतोय तरी कुणासाठी मी?

लुले : माझ्या गुडघ्यांसाठी. इथल्या पायऱ्या चढवत नाहीत आता.

नूरी : आणि ही मागची खोली? हिच्यावर नाव नाही लिहिलंस.

दोरीना : ती... ते नंतर ठरवू.

नूरी : भिंतभर कपाट, एवढं मोठं टेबल. कुणाचं आहे हे सगळं?

दोरीना : माझं.

नूरी : तुझं? तू तिरानाला राहतेस.

दोरीना : भाड्यानं राहते. काम आता कुठूनही होतं. दर शुक्रवारी पाच तास बसमध्ये आंबून येते, तुमची औषधं भरते, आईला दवाखान्यात नेते, रविवारी परत जाते. कंटाळले, बाबा. मला इथंच राहायचंय.

नूरी : मग नाव का नाही लिहिलंस?

दोरीना : आपल्यात बापाच्या घरात मुलीची खोली कुणी काढलीय का कधी? वाटलं, तुम्ही खोडाल. एक्केचाळीस वर्षांची झाले, लोकांची हॉटेलं उभी केली, आणि स्वतःचं नाव लिहायची भीती वाटली.

लुले : ऐकलंत?

नूरी : ऐकू येतं मला. पेन्सिल दे इकडे.

दोरीना : खोडताय?

नूरी : कुठे खोडतोय? नीट बघू दे. ही तुझी झाली, तर ऑगस्टमध्ये बेस्निक आला की झोपेल कुठे?

दोरीना : मग खोली उरत नाही.

नूरी : इथं, गाडी ठेवायच्या जागेला लागून एक काढ.

दोरीना : काढते. केवढी?

नूरी : लहानच चालेल. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.