भेदरलो न्हाई, भेदरं लावल्यात

…आन् वर म्हनत्यात काय, तर हवालदार भेदरला! आवं, भेदरला न्हाई, भेदरं लावल्यात, भेदरं! तुमास्नी सांगतो, आमच्या कडेगावच्या बाजूला गावठी टमाट्याला भेदरंच म्हनत्यात. चपटं, चुन्या पडल्यालं, आन् आंबट असं की खानाऱ्याचा एक डोळा आपसूक मिटतो. आता आलंय ते नवं टमाटं, गुळगुळीत, खाल्लं काय न् न खाल्लं काय! तर मी परड्यात भेदरं लावली, कुनीतरी पारावर तसं सांगितलं, दुसऱ्यानं अर्धं ऐकलं, तिसऱ्यानं पुरं केलं… हवालदार भेदरला, मेल्याली बायकू दिसती त्याला! आवं, दिसत न्हाई वो. नुसती ऐकू येती.

आमची अंबूबाई माघात गेली. मी अठरा वर्सं पलटनीत. वर्साला दोन म्हैनं सुट्टी, त्यात एक म्हैना मळनीत जायाचा न् दुसरा पावन्यांत. बाकीचं बोलनं पत्रातनं, आन् तिची पत्रं लिवायचे शाळंचे मास्तर, म्हंजे निम्मं बोलनं मास्तरांचंच! पेन्शनीवर आलो, म्हनलं आता दोघं निवांत बोलू… दीड वर्सात गेली की वो. बोलायचं ऱ्हायलंच.

पन भेदरांचा तिला लय जीव. तिच्या आज्जीपासनं चालत आल्यालं बी. बहात्तरच्या दुष्काळात मानसाला प्यायाला पानी न्हाई, तवा हिनं भांड्याच्या खरकट्या पान्यावर चार झाडं जगवली. आन् बी कुनाला द्यायची न्हाई! थोरल्या जावंला, आमच्या बनुवैनीला, भेदरं द्यायची ती शिजवून द्यायची! का? तर कच्चं फळ दिलं की बी जातंय घराभाईर. त्यावरनं दोघी जावा अकरा वर्सं बोलत न्हवत्या. मधी कुंपान एक, तेबी मोडकं.

आता माझी चूक ऐका. दहाव्याला नदीवर गेलो. म्हनलं, तिच्या आवडीचं कायतरी ठेवावं. परड्यात एकच फळ ऱ्हायलं व्हतं, लालभडक पिकल्यालं, देठाला चिंधी बांधल्याली. मला वाटलं दिष्ट लागू ने म्हनून चिंधी. तोडलं न् पिंडाशेजारी मांडलं. झालं, कावळाच शिवंना! हंबीरराव, म्हंजे माझा म्हेवना, हात जोडून म्हनतोय, "अक्का, पोरीचं लगीन थाटात करू!" कावळा ढिम्म. "म्हस इकनार न्हाई!" कावळा पाठ फिरवून बसला. ऊन डोक्यावर, पोटात भुकंचा डोंब, समदी माझ्याकडं बघाय लागली. तवा मागनं बनुवैनी पुटपुटली, "भावजी, भेदरांचं बी मोडू देनार न्हाई म्हना." म्हनलं! अटेन्शनमधी हुबा ऱ्हाऊन, मोठ्यानं म्हनलं! आन् कावळा आला की सरळ… भात न्हाई, भाकरी न्हाई, त्यानं भेदरंच उचललं, चिंधीसकट, न् गेला वर!

"शिवला, शिवला!" समदी उठली, पानं मांडाय पळाली. बनुवैनीनं तेवढा कपाळाला हात लावला. "आवं भावजी, चिंधीचं फळ म्हंजे बियाचं फळ! त्येला कुनी हात लावू ने म्हनून बांधत्यात! शेवटचं बी कावळ्याला घातलंसा!"

म्हंजे बघा, ज्या तोंडानं वचन दिलं त्याच मिनिटाला मोडलं! पलटनीत असतो तर कोर्टमार्शल झालं असतं.

आन् दुसऱ्या सकाळी परड्यात तोंड धुतोय, तर मागनं आवाज. "बी कुठं हाय वो?" वळून बघतो, कोन न्हाई. भेदरलो न्हाई, बरं का! पासष्टच्या लढाईत तोफंखाली जेवल्याला मानूस मी. पन तांब्या तेवढा हातातनं पडला. मग रोजच सुरू. दात घासताना, "बी कुठं हाय?" भाकरी मोडताना, "बी कुठं हाय?" जिती व्हती तवा येवढी बोलली न्हाई वो!

मग काय, कावळ्याच्या मागं फिरलो. हसू नगासा! कावळा बसंल त्या झाडाखाली मी. लोक म्हनायचे, हवालदार, वर काय बघताय? म्हनलं, वर न्हाई, खाली बघतोय, कावळ्यानं काय टाकलंय ते! लाज सोडली, पन शोध सोडला न्हाई.

आन् चैतात गावलं. कुठं? बनुवैनीच्या परड्यात, तिच्या मोरीच्या पान्यावर! दोन रोपं, तीच केसाळ पानं, तोच वास. वर शेवग्यावर कावळ्याचं घरटं, आन् घरट्यातनं लोंबतीया आमची चिंधी! मी कुंपनाच्या अल्याड, वैनी पल्याड. वैनी पदर डोळ्याला लावून म्हनली, "जित्तेपनी दिलं न्हाईस गं बाई… मेल्यावर घरपोच पाठवलंस." मला बी मग आवरंना. हवालदार रडला म्हना, पन भेदरला न्हाई!

एक रोप वैनीनं मला दिलं. लावलं, न् आवाज बदलला की! "आवं, पानी मुळाशी घाला, पानावर न्हवं! रोग पडतोय!" "आवं, काठी लावा!" "आवं, येवढं शेनखत? जाळताय का काय?" मी बी बोलाय लागलो. म्हनलं, व्हय गं. म्हनलं, बरं गं. लोकांनी कुंपनावरनं ऐकलं, न् तिथनं उठली ती हूल.

तुमास्नी म्हनून सांगतो… लय बरं चाललं व्हतं आमचं.

फळं आली. एकाला चिंधी बांधली, पिकू दिलं, बी राखंत घोळलं, शेनाच्या गोळ्यात घालून भिंतीला थापलं. एक गोळा आमच्या भिंतीला, एक वैनीच्या. वचन फिटलं! दुसऱ्या सकाळी परड्यात गेलो. चूप. भाकरी मोडली. चूप. आट दिस चूप! तवा मात्र… आज पैल्यांदा कबूल करतो… तवा भेदरलो.

आता औंदा पाच झाडं हाईत. चार झाडांना पानी मुळाशी घालतो, आन् पाचव्याला मुद्दाम पानावर. घालतो, न् कान देऊन हुबा ऱ्हातो. परवा आवाज आला वो! "आवं, मुळाशी घाला, पानावर न्हवं!" गर्रकन वळलो, तर कुंपनावरनं बनुवैनी.

म्हनली, "भावजी, त्या झाडाला रोग पडलाय. त्येची भेदरं कोन खानार?"

म्हनलं, "पडू दे वैनी. त्या झाडाची भेदरं खायाची न्हाईत… बोलनी खायाची हाईत."