वजन धरून कसलेले बोल्ट

आमच्या जुन्या फोर-व्हील जीपचं ऐका! स्प्रिंगच्या पाट्यांना मी बोल्टाभोवती बसणारे नवे रबरी बुश घातले. तुये गावचा मेस्त्री फोनवर बजावून म्हणाला, "जॅकवर असताना बोल्ट पुरते कसू नकोस, रबर पिळून फाटतं. चाकं जमिनीवर टेकव, रोजचं वजन पडू दे, मग कस."

रोजचं वजन म्हणजे आमचं अख्खं घर! पेडण्याच्या लग्नाला नटून निघालेली सगळी मंडळी जीपमध्ये कोंबली आणि मी पाना घेऊन खाली शिरलो.

"हलू नकात गे!" मी ओरडलो. तर वर हसून हसून जीपच नाचायला लागली.

शेवटी बोल्ट कसून, काळाकुट्ट होऊन बाहेर आलो. "सरका, मला जागा द्या."

काकांनी जीप सुरू केली. काकी केसांतला अबोलीचा वळेसर सावरत म्हणाली, "आता खंयची जागा? बोल्ट आमच्या वजनाक कसलंस, तुझा वजन त्यात नाय. तू मागसून बसगाडीन ये!"